खेचर नावाची गाडी

हल्ली आमच्या सोलापुरात जो तो डोंगरात जाणारी गाडी घेतो आणि पंढरपूरला जातो. वर कॅरिअर, मागे जादा टायर, आत स्टोव्ह, दोरखंड! नवरीचा रुखवत परवडला.

आमच्याच गावच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचा सरंजाम निराळा होता. १९३८ साली जपानशी झुंजणाऱ्या चीनला काँग्रेसने पाच डॉक्टर आणि एक रुग्णवाहिका धाडली. वर्गणी जमली २२,००० रुपये. ना तारण, ना जामीनदार! मी बँकेतला कारकून. असं खातं पाहिलं की मला घाम फुटतो.

पण उत्तर चीनच्या डोंगरांत मोटारीला रस्ता कुठला? तिथे कॅनडाच्या डॉ. बेथ्यून यांनी खेचराच्या पाठीवर बसेल असा दवाखाना बनवला होता. हत्यारं, औषधं, पट्ट्या, सगळं खोगिरावर. पेट्रोलचा खर्च शून्य, चारा किरकोळ खात्यात! १९३९ साली बेथ्यून गेले. त्यांचं काम पुढे कोटणीसांनी चालवलं.

पाचांतले चौघे मायदेशी परतले. कोटणीस ९ डिसेंबर १९४२ रोजी तिथेच गेले. वय अवघं बत्तीस. खातं सोलापूरचं; शिल्लक मात्र चीनमध्ये राहिली.