पाहणारा डोळा आणि ऐकणारा कान

काळोखात कंदील घेऊन निघालेल्या माणसाला दहा हातांवरचे दिसते, आणि तो स्वतः मात्र मैलभरावरून दिसतो. श्रोतेहो, रडारची अडचण नेमकी हीच आहे.

२६ फेब्रुवारी १९३५ रोजी इंग्लंडात डेव्हेंट्रीजवळ, बीबीसीच्या लघुलहरींतून एक बॉम्बफेकी विमान फिरविण्यात आले. शेतात उभ्या केलेल्या गाडीत वॉटसन-वॉट आणि विल्किन्स यांनी त्याचा प्रतिध्वनी सुमारे ८ मैलांपर्यंत टिपला. डोळा सापडला. पण लहर लक्ष्याला धडकून परत येईतो इतकी क्षीण होते की, अंतर दुप्पट केल्यास प्रतिध्वनी सोळावा हिस्सा उरतो. लक्ष्यावर बसलेल्याच्या कानी सरळ येणारी लहर मात्र चौथाईच होते. म्हणजे पाहणाऱ्याआधी ऐकणारा सावध!

१९४२ साली जर्मन पाणबुड्यांनी याचा फायदा घेतला. मेटॉक्स नावाचा ग्राहक दीड मीटरची रडारलहर ऐके आणि विमान येण्यापूर्वी बोट बुडी मारी. त्याची लाकडी क्रुसासारखी आकाशतार दर बुडीला हातांनी आत न्यावी लागे. बिस्केच्या उपसागरात त्या खलाशांचे प्राण या फळकुटावर टांगलेले होते. १९४३ मध्ये दोस्तांची १० सेंटिमीटरची लहर आली आणि मेटॉक्सला काही ऐकूच येईना. कान शाबूत होता, पण त्याला एकच सूर ठाऊक. त्या मे महिन्यात ४० हून अधिक पाणबुड्या गेल्या. नवलाची गोष्ट पुढेच आहे. फेब्रुवारीतच रॉटरडॅमजवळ पडलेल्या विमानात जर्मनांना १० सेंटिमीटरचे यंत्र सापडले होते. तरी त्यांनी संशय घेतला तो मेटॉक्सवरच, की हाच लहरी सोडून आपला ठाव सांगतो!

डोळा आणि कान एकाच देहात, आणि कानाला सगळे सूर ऐकू यावेत, ही गरज तेव्हापासूनची. विजेच्या मंडलांना ती जड जाते. प्रत्येक पट्ट्याला निराळी जुळणी लागते. येथे प्रकाश मदतीला आला. ठराविक ठेक्याने स्पंद सोडणाऱ्या लेसरच्या प्रकाशात फणीच्या दातांसारखे सारख्या अंतरावरचे रंग असतात. त्यांतले दोन निवडून प्रकाशसंवेदी डायोडवर एकत्र पाडले, की त्यांच्या कंपनांतील फरकाएवढी रेडिओलहर उपजते. परतलेली लहर त्याच लेसरच्या स्पंदांवर चढवून मोजता येते. आणि परक्याची लहरही याच वाटेने टिपता येते.

इटलीत पिसा येथील संशोधकांनी २०१४ मध्ये 'नेचर'मध्ये असे प्रकाशाधारित रडार मांडले. त्याची पोच ४० अब्ज आवर्तनांपर्यंत होती. नंतरच्या वर्षांत पाहणे आणि वर्णपट ऐकणे एकाच लेसरवर बसविण्याचे प्रयोग झाले. पिसाच्या यंत्राने टिपली ती मात्र शत्रूची विमाने नव्हती. आपल्या वाटेने चाललेली, नेहमीची विमाने होती.