फुकट वाटणाऱ्याचा हिशेब

व्हिडिओ आपल्यापर्यंत येतो तो आवळून. मागच्या आणि पुढच्या चित्रांत जेवढा फरक, तेवढाच पाठवायचा, ही त्यातली मुख्य युक्ती. २००३ साली पुरी झालेली एच.२६४ ही त्याची प्रमाण पद्धती. ती कोणालाही वाचता येते. पण तिच्यातल्या युक्त्यांवर पुष्कळ कंपन्यांची पेटंटे. त्यांपैकी अनेकांनी आपली पेटंटे एकत्र बांधून वसुली अमेरिकेतल्या एम्पेग एलए या संस्थेकडे सोपविली. दर ठरला तो असा : वर्षाला पहिल्या १ लाख प्रती माफ, पुढे ५० लाखांपर्यंत प्रतीमागे २० सेंट, त्यानंतर १० सेंट, आणि वार्षिक देण्याला एक कमाल मर्यादा.

विकणारा हे पैसे किमतीत घालून मोकळा होतो. मुक्त सॉफ्टवेअरची रीत निराळी. ज्याच्या हाती प्रत पडेल त्याने ती बदलावी, पुढे वाटावी. प्रती किती झाल्या हे कर्त्यालाही ठाऊक नसते. मग डोईपट्टी भरायची कोणी? शिवाय जीपीएल या परवान्याच्या १९९१ च्या आवृत्तीतले सातवे कलम बजावते, की पेटंटाच्या अटीमुळे पुढच्या माणसाला हीच मोकळीक देता येत नसेल, तर वाटूच नका. संपात मालकाशी गुपचूप एकट्याची तडजोड करणारे आम्ही पाहिले आहेत. त्यामुळे हे कलम मला फार आवडते.

युरोपात १९७३ च्या करारान्वये केवळ संगणक-प्रोग्रॅमला पेटंट नाही, आणि २००५ साली तिथल्या संसदेने या बाबतीतला नवा कायदा ६४८ विरुद्ध १४ मतांनी फेटाळला. आपल्याकडे २००४ च्या वटहुकुमाने किलकिले केलेले दार संसदेने २००५ साली लावून घेतले. अर्थात त्या 'केवळ' शब्दावर वकिलांची घरे चालतात.

अमेरिकेत तोडगा निघाला तो श्रीमंताच्या वाड्यातून. ३० ऑक्टोबर २०१३ रोजी सिस्को कंपनीने ओपनएच२६४ चा सोर्स कोड खुला करण्याचे आणि त्याच्या तयार प्रतींची रॉयल्टी स्वतः भरण्याचे जाहीर केले. कमाल मर्यादा गाठली की पुढच्या प्रतींचा बोजा पडत नाही, हे त्यातले गणित. २०१४ साली फायरफॉक्सने ती सोय घेतली. मेख एवढीच, की प्रत सिस्कोकडूनच उतरवली पाहिजे. तोच कोड घेऊन तुम्ही घरी प्रत बांधलीत, तर छत्र गेले. ही बक्षिसी आहे, हक्क नव्हे.

सप्टेंबर २०२२ मध्ये फेडोरा या मुक्त प्रणालीने ग्राफिक्स कार्डाकडून एच.२६४ उलगडून घेण्याची सोय कायद्याच्या धास्तीने काढून टाकली. तिच्या वापरकर्त्यांना ओपनएच२६४ मिळते, ते सिस्कोच्या सर्व्हरवरून.