पाठीवरचे पाणी : मशकेपासून सायकलस्वाराच्या पिशवीपर्यंत

१/ दीर्घ पल्ल्याच्या सायकल शर्यतीत स्वाराच्या पाठीला चिकटलेली छोटी पाण्याची पिशवी आणि खांद्यावरून तोंडाशी आलेली नळी आज नवलाची राहिलेली नाही. पाठीवर पाणी वाहण्याची युक्ती मात्र फार जुनी आहे. मग ती सायकलपर्यंत पोहोचायला १९८९ साल का उजाडावे लागले? थ्रेड.

२/ आपल्याकडे शेळीच्या कातड्याची मशक खांद्यावर घेऊन भिस्ती पाणी पुरवीत असे. त्याहून मोठी पखाल बैलाच्या किंवा रेड्याच्या पाठीवर लादली जाई. हे काम करणाऱ्यांचे ‘पखाली’ हे नाव आजही आडनावात टिकून आहे. म्हणजे मऊ, अंगाला बसणारे जलपात्र माणसाला शतकानुशतके ठाऊक होते. अडथळा होता तो क्रीडाजगतातील एका समजुतीचा.

३/ ती समजूत अशी की, श्रम करताना पाणी पिणे हा दुबळेपणा. १९०४च्या सेंट लुईस ऑलिंपिकमधील मॅरेथॉन पाहा. सुमारे ३२ अंश सेल्सिअस उष्णता, धुळीचा रस्ता, आणि पाण्याची सोय जेमतेम. आयोजक जेम्स सलिव्हन यांना पाण्याविना शरीर काय करते, हेच पाहायचे होते. ३२ धावपटू निघाले. शर्यत पूर्ण केली अवघ्या १४ जणांनी.

४/ सायकल शर्यतींतही हाच विचार रुजलेला होता. टूर द फ्रान्समध्ये स्वाराला किती पाणी मिळावे, यावर नियमांचे बंधन होते. तहानेने व्याकूळ झालेले सहायक स्वार वाटेतल्या उपाहारगृहांत अक्षरशः घुसत, हाती येतील त्या बाटल्या खिशांत कोंबत आणि पुन्हा जथ्यात सामील होत. त्यांनी आणलेल्या बाटल्यांत पाणी, बिअर, मद्य असे काहीही असे.

५/ १३ जुलै १९६७. माँ व्हाँतूच्या उघड्याबोडक्या चढावर ब्रिटिश स्वार टॉम सिम्प्सन कोसळला आणि मरण पावला. वय २९. त्याच्या शरीरात अँफेटामिन आढळले. त्या दिवशी त्याने मद्यही घेतले होते. त्यामुळे या मृत्यूचा दोष एकट्या तहानेवर टाकता येत नाही. तथापि त्या काळी स्वाराला दिवसभरात चारच बाटल्या, म्हणजे साधारण २ लिटर पाणी मिळत असे, हेही विसरता येत नाही. कडक उन्हात शरीर एका तासात १ लिटरहून अधिक घाम गाळू शकते.

६/ आता अमेरिकेत टेक्सास राज्यातील विचिटा फॉल्स या गावी येऊ. गावाच्या शताब्दीनिमित्त १९८२मध्ये तेथे ऐन ऑगस्टमध्ये एक सायकल फेरी सुरू झाली : १०० वर्षांसाठी १०० मैल, आणि तेही १०० अंश फॅरनहाइटच्या, म्हणजे सुमारे ३८ अंश सेल्सिअसच्या उन्हात. ‘हॉटर एन हेल हंड्रेड’ हे तिचे नाव पुरेसे बोलके आहे.

७/ १९८९च्या फेरीत मायकल आयडसन उतरला. तातडीच्या वैद्यकीय सेवेत काम करणाऱ्या या तरुणाला सलाईनची पिशवी हाताळण्याची सवय होती. त्याने अशीच एक पिशवी पाण्याने भरली, लांब मोज्यात घातली, मोजा सदऱ्याच्या पाठीला शिवला, नळी खांद्यावरून पुढे घेतली आणि कपडे वाळत घालायच्या चिमट्याने ती बंद केली. हात हँडलवरून न काढता पाणी पिता येऊ लागले. त्याच प्रयोगातून ‘कॅमलबॅक’ ही कंपनी जन्मली. पुढे सैनिकांनीही ही पिशवी आपलीशी केली.

८/ मग लंबक दुसऱ्या टोकाला गेला. १९९६मध्ये अमेरिकेतील क्रीडावैद्यक संस्थेने सल्ला दिला की, घामावाटे जाते तेवढे, किंवा सोसेल तितके पाणी प्यावे. २००२च्या बोस्टन मॅरेथॉनमधील ४८८ धावपटूंच्या रक्ताची तपासणी झाली, तेव्हा १३ टक्के जणांच्या रक्तातील सोडियम घसरलेले दिसले. त्याचे एक प्रमुख कारण होते अतिरिक्त पाणी. ही स्थिती प्राणघातकही ठरू शकते. २००७मध्ये संस्थेने सल्ला बदलला : वजन २ टक्क्यांहून अधिक घटू देऊ नये, आणि वाढू तर मुळीच देऊ नये.

९/ आपल्याकडे म्हण आहे : आजार रेड्याला, औषध पखालीला. पिशवी निवडताना हीच चूक होते. आधी शरीराचा हिशेब मांडावा. तासभर सायकल चालवण्यापूर्वी आणि नंतर वजन करावे. ०.८ किलो घटले आणि वाटेत ०.५ लिटर प्यायले असेल, तर ताशी घाम साधारण १.३ लिटर. हा सगळाच्या सगळा भरून काढण्याची गरज नसते. पण अंदाज येतो.

१०/ नंतर दोन पाणवठ्यांमधील वेळ पाहावा. सायकलच्या सांगाड्यावर ७५० मिलिलिटरच्या दोन बाटल्या, म्हणजे १.५ लिटर पाणी मावते. पिशवीने केवळ उरलेली तूट भरावी. १ लिटर पाणी म्हणजे १ किलो ओझे, तेही कंबर-मानेवर तासन् तास. म्हणून बहुतेकांना १ ते १.५ लिटरची पिशवी पुरते. तिच्यात साधे पाणीच ठेवावे; साखर-मिठाचे मिश्रण बाटलीत बरे, कारण नळीत बुरशी लवकर धरते. पिशवीत पाणी किती उरले ते दिसत नाही, म्हणून घोटांचा अंदाज सरावातच घ्यावा.

११/ शर्यतीचा प्रकारही पाहावा. २०१५मध्ये नाशिकच्या महाजन बंधूंनी दोघांच्या संघातून ‘रेस अक्रॉस अमेरिका’ पूर्ण केली. तेथे मदतीची गाडी सोबत असते. भरलेली बाटली हाती येते. पुण्या-मुंबईकडे होणाऱ्या २०० ते ६०० किलोमीटरच्या ब्रेव्हेमध्ये मात्र बाहेरची मदत केवळ ठरावीक नियंत्रण-ठाण्यांवरच घेता येते. रात्री घाटात चहाची टपरीही बंद असते. तेथे पाठीवरचे दीड लिटर पाणी खरे मोलाचे.

१२/ १९०४चा धावपटू तहानेने कोसळला, २००२चा अतिपाण्याने आजारी पडला. दोघांनीही दुसऱ्याने ठरवलेले प्रमाण मानले होते. आयडसनच्या मोज्याने स्वाराला हवे तेव्हा, हवे तेवढे प्यायची मुभा दिली. किती हवे, हे ज्याचे त्याने मोजायचे आहे.

आपल्या गावात पखालीच्या आठवणी सांगणारे कोणी वडीलधारे असतील, तर त्यांना विचारून प्रतिसादात अवश्य लिहा. थ्रेड समाप्त.