कार्डिनल जाँ दानिएलू : आद्य ख्रिस्ती विचारांचे शोधक

ख्रिस्तसभेच्या पहिल्या शतकांत श्रद्धेने कोणत्या प्रतिमांत व कोणत्या विचारचौकटीत स्वतःला मांडले, या प्रश्नाला आयुष्य वाहिलेले येशूसंघीय धर्मगुरू म्हणजे कार्डिनल जाँ दानिएलू होत.

फ्रान्समधील न्युई-स्यूर-सेन येथे १४ मे १९०५ रोजी त्यांचा जन्म झाला. वडील राजकारणी, तर आई शिक्षणतज्ज्ञ होत्या. धाकटे बंधू आलँ यांनी वाराणसीत दीर्घकाळ राहून हिंदू धर्म व भारतीय संगीताचा अभ्यास केला. जाँ १९२९ साली येशूसंघात दाखल झाले व १९३८ साली त्यांना गुरुदीक्षा मिळाली. पुढे पॅरिसच्या कॅथोलिक विद्यापीठात त्यांनी ख्रिस्ती धर्माच्या उगमाचा इतिहास शिकविला.

दुसरे महायुद्ध चालू असताना, १९४२ साली, फादर आंरी द लुबाक यांच्यासह त्यांनी आद्य धर्मपितरांचे ग्रंथ मूळ भाषा व फ्रेंच अनुवादासह प्रसिद्ध करणारी ‘सूर्स क्रेतिएन’ ही माला सुरू केली. तिचा पहिला खंड, न्यिस्साचे संत ग्रेगरी यांचे मोशेचरित्र, दानिएलू यांनीच अनुवादिला. आज ही माला सहाशेंहून अधिक खंडांची झाली आहे.

ग्रीक तत्त्वज्ञानाने शुभवर्तमानाचे मूळ रूप पालटले काय, हा त्या काळचा कळीचा वाद होता. जर्मन इतिहासकार हार्नाक यांनी धर्मसिद्धान्तांच्या घडणीत ग्रीक विचाराचा वाटा फार मोठा मानला होता. दानिएलू यांनी १९५८ सालच्या ग्रंथात दाखविले की, ग्रीक पेहरावाआधीही ख्रिस्ती ईशज्ञान होते व ते यहुदी विचारांतून घडले होते. देवदूतांविषयीची शिकवण, प्रभूचे अधोलोकात उतरणे, क्रुसाचे गूढ यांची मुळे त्यांनी तेथे शोधली. त्याच वर्षी अलेक्झांड्रियाचा यहुदी तत्त्वज्ञ फिलो याच्यावरही त्यांनी ग्रंथ लिहिला. त्यांची ‘यहुदी ख्रिस्ती’ ही संज्ञा फारच व्यापक असल्याची टीका पुढील अभ्यासकांनी केली. तथापि त्यांनी उघडलेली वाट बंद झाली नाही.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत ते ईशज्ञान-तज्ज्ञ होते. पोप सहावे पॉल यांनी १९६९ साली त्यांना कार्डिनल केले. १९७२ साली फ्रेंच अकादमीवर त्यांची निवड झाली. २० मे १९७४ रोजी पॅरिस येथे त्यांचे निधन झाले.

फादर स्टीफन्स यांनी १६१६ साली ‘ख्रिस्तपुराण’ मराठीत आणले, तेव्हा त्यांच्यापुढेही हाच प्रश्न होता : श्रद्धा तीच ठेवून नव्या भाषेत ती सांगावी कशी? दानिएलू यांच्या अभ्यासातून आपणांस एवढे कळते की, हा प्रश्न ख्रिस्तसभेइतकाच जुना आहे आणि तो विचारणे म्हणजे श्रद्धेपासून ढळणे नव्हे.