पाटी, परवाना आणि अपवाद

दुकानावरची पाटी ही नित्य दृष्टीस पडणारी वस्तु. तिलाहि कांहीं इतिहास असेल, असें सहसा कोणाच्या मनांत येत नाहीं. परंतु कोणत्या पाटीस परवाना लागावा व कोणत्या पाटीस लागूं नये, हा प्रश्न शहरांच्या कारभारांत शेंकडों वर्षें चालत आलेला आहे. व्याकरण शिकवितांना आम्हां शाळामास्तरांना एक गोष्ट कळून चुकते: नियम सांगणें सोपें, पण अपवाद कोठें संपतो हें सांगणें कठीण. पाट्यांच्या कायद्याचेंहि तसेंच आहे.

आरंभ लंडनपासून करूं. कारण मुंबईच्या नियमाचे शब्द बरेचसे तेथूनच आले. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धांत तेथील घरांना क्रमांक नव्हते, आणि पुष्कळांना अक्षरओळख नसे. म्हणून दुकानदार सिंह, किल्ली, बूट अशीं चित्रें रंगवून लोखंडी दांड्यांवरून भर रस्त्यावर लोंबत ठेवीत. शेजाऱ्याहून आपली पाटी मोठी, या चढाओढीनें उजेड व वारा अडूं लागला. १७१८ सालीं ब्राइड लेन या गल्लींत अशाच एका पाटीच्या भारानें घराची दर्शनी भिंत कोसळली व चार माणसें प्राणास मुकलीं. तरीहि कायदा व्हावयास १७६२ साल उजाडलें! वेस्टमिन्स्टरच्या फरसबंदीच्या त्या कायद्यानें लोंबत्या पाट्या उतरल्या, पाटी भिंतीस सपाट बसूं लागली, आणि लवकरच घरांना क्रमांक मिळाले.

रस्ता बंद होतांच व्यापारानें छपराचा आश्रय घेतला. घरांच्या माथ्यावर, आकाशाच्या पडद्यावर, प्रचंड अक्षरें उभीं राहिलीं. तेव्हां १८९१ सालीं लंडनकरितां खास कायदा झाला व तो १८९४ च्या इमारत-कायद्यांत सामावला गेला. रस्त्यावरून पाहतां जी पाटी आकाशाच्या पार्श्वभूमीवर दिसते, तिच्यावर त्यानें निर्बंध घातला. त्यांतील अपवाद मोठे विचारपूर्वक योजलेले होते. ध्वजाची काठी किंवा वाऱ्याची दिशा दाखविणारा कोंबडा यांस मोकळीक. मात्र त्यांचा जाहिरातीसाठीं उपयोग करावयाचा नाहीं. कठड्यास घट्ट बसविलेल्या अखंड फळीस मोकळीक. मात्र ती तीन फुटांहून वर जातां कामा नये. रेल्वेच्या जागेंतील पाटीस मोकळीक. मात्र ती केवळ रेल्वेच्या स्वतःच्या कामाची असावी.

हीच व्याख्या थोड्याफार फेरफारानें मुंबई महानगरपालिकेच्या १८८८ च्या अधिनियमांत, ३२८ व्या कलमांत, आढळते. तेथें अशा पाटीस ‘आकाशचिन्ह’ म्हणतात. पुढच्या ३२८-अ कलमांत इतर जाहिरातींचा विचार आहे. खिडकीच्या आंतील जाहिरात, किंवा त्याच जागेंत चालणाऱ्या धंद्याची पाटी, यांस तेथें सामान्यतः परवान्यांतून सूट मिळते. हेतु उघड आहे. आपल्या दारावर आपलें नांव लिहिणाऱ्या वाण्यास पालिकेचे उंबरठे झिजवावयास लावूं नयेत.

अपवाद हा असा लहानासाठीं असतो. परंतु रेल्वेच्या हद्दींत पालिकेचा परवाना लागतच नाहीं, असाहि दावा वर्षानुवर्षें केला गेला. स्वतःच्या कामाची ती जुनी अट दृष्टीआड झाली. १३ मे २०२४ रोजीं धुळीच्या वादळांत घाटकोपरचा अवाढव्य फलक पेट्रोल पंपावर कोसळला आणि १७ माणसें मृत्युमुखीं पडलीं. जागा रेल्वे पोलिसांच्या ताब्यांतील. पालिकेनें परवाना दिलेला नव्हता. पालिकेची कमाल मर्यादा ४० फूट लांबी व ४० फूट उंची; हा फलक १२० फुटांचा.

ब्राइड लेन व घाटकोपर यांच्यामध्यें ३०६ वर्षें गेलीं. जमीन कोणाची आणि अधिकार कोणाचा, हा वाद माणसांचा. वारा तो जाणत नाहीं. म्हणून अपवाद वाचतांना त्याची अटहि वाचावी, आणि ती खालून चालणाऱ्याच्या बाजूनें वाचावी.