कँटनचा हंगाम आणि लोहार चाळीचं कॅलेंडर

गुआंगझोऊला, म्हणजे जुन्या कँटनला, परक्या व्यापाऱ्यानं कधी यावं आणि कधी निघून जावं याचे नियम १७५९ साली कागदावर आले. त्याआधी दोन वर्षं, १७५७ मध्ये, छ्येनलोंग बादशहानं युरोपीय व्यापार या एकाच बंदरापुरता मर्यादित केला होता. हंगाम साधारण ऑक्टोबर ते फेब्रुवारी-मार्च. जहाजं भरली, हिशेब मिटले की परक्यांनी गाव सोडायचं. बहुतेक जण मकाऊला जाऊन पुढच्या हंगामाची वाट बघत. बायका कँटनमध्ये आणायच्या नाहीत, हत्यारं आणायची नाहीत, हंगाम संपल्यावर राहायचं नाही.

हा हंगाम मुंबईच्या सोयीचा होता, कारण वारेही तसेच होते. नैऋत्य मोसमी वाऱ्यांवर मुंबईची गलबतं कापूस घेऊन पूर्वेला जात आणि ईशान्येचे वारे सुरू झाले की चहा, रेशीम, चिनी मातीची भांडी घेऊन परत फिरत. पुढे कापसाबरोबर माळव्याची अफूही जाऊ लागली. त्या अफूनं चीनमधल्या किती घरांचा नाश केला हे सांगितल्याशिवाय त्या काळच्या मुंबईच्या वैभवाची गोष्ट सांगू नये, असं मला वाटतं. जमशेटजी जीजीभॉय यांच्या नावाचं रुग्णालय आणि कलाशाळा आपण रोज बघतो. त्यांचा पैसा याच वाटेनं आला. १८०५ मध्ये ते ‘ब्रन्सविक’ जहाजानं कँटनकडे निघाले असताना फ्रेंच आरमारानं जहाज पकडलं. त्याच जहाजावर डॉक्टर म्हणून विल्यम जार्डीन होता. पुढे हे दोघे चीनच्या व्यापारातले मोठे भागीदार झाले.

त्या हंगामातली एक गोष्ट मला विशेष महत्त्वाची वाटते. चिनी नवं वर्ष हंगामाच्या शेवटाला येई, आणि नव्या वर्षाआधी देणी चुकती करायची हा चीनमधला जुना रिवाज. ज्याची उधारी बाकी, त्याला सण सुखाचा जायचा नाही. परक्या व्यापाऱ्यालाही त्याच तारखेच्या आत वसुली आणि जहाजाची भरणी उरकावी लागे. गिऱ्हाईक केवढंही मोठं असो, तारीख घरच्या सणाची.

हे सगळं मी नंतर वाचलं. आधी मी ते रोजच्या कामातून शिकले होते. मी मुंबईच्या लोहार चाळीतल्या एका दिव्यांच्या पेढीत पत्रव्यवहार आणि हिशेब सांभाळायचे. पेढी कच्छी कुटुंबाची, बाजार सगळा विजेच्या सामानाचा. २००१ च्या एप्रिलमध्ये आयातीवरचे उरलेसुरले संख्यात्मक निर्बंध उठले, त्याच वर्षाअखेर चीन जागतिक व्यापार संघटनेत आला, आणि बघता बघता आमच्या गल्लीत चिनी माळा, पट्ट्या, झुंबरं यांचे खोके लागायला लागले. मोठे शेठ आणि नंतर त्यांचे चिरंजीव माल बघायला जायचे तेव्हा तिकीट, व्हिसा, निमंत्रणपत्र, कारखान्याची वेळ हे सगळं माझ्याकडे. माल बहुतेक गूझेनचा. झोंगशानजवळचं हे गाव दिव्यांवरच जगतं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना दुकानं, आणि दुकानांत दिव्यांशिवाय काही नाही.

कामाला लागले तेव्हा पहिला प्रश्न शेठजींनी विचारला, “बेन, चीनमां छुट्टी क्यारे?” त्याचं उत्तर एका कागदावर मिळत नाही. तिथला सण चंद्रावर चालतो, सरकारी सुट्टी हुकमावर आणि कारखान्याची सुट्टी कामगारांच्या घरच्या अंतरावर.

आधी हुकमाचं सांगते. १९१२ मध्ये प्रजासत्ताक आलं तेव्हा सरकारनं इंग्रजी महिने स्वीकारले. जुन्या नव्या वर्षाला १९१४ मध्ये ‘वसंतोत्सव’ असं नाव मिळालं, कारण ‘नवं वर्ष’ हा मान १ जानेवारीला द्यायचा होता. १९२८ नंतर राष्ट्रवादी सरकारनं जुना सण मोडून काढायचा प्रयत्न केला. दुकानं उघडी ठेवा म्हणून आज्ञा निघाल्या, पण लोकांनी सण सोडला नाही. १९४९ च्या डिसेंबरमध्ये नव्या राजवटीनं वर्षाला सात सार्वजनिक सुट्ट्या ठरवल्या : १ जानेवारीची एक, वसंतोत्सवाच्या तीन, १ मेची एक, १ ऑक्टोबरच्या राष्ट्रदिनाच्या दोन. सांस्कृतिक क्रांतीत, १९६७ मध्ये, वसंतोत्सवाची सुट्टीच रद्द झाली. ती १९८० मध्ये परत मिळाली. म्हणजे तेरा वर्षं एवढ्या मोठ्या देशात वर्षाच्या सगळ्यात मोठ्या सणाला कामावर जायचं. आपल्याकडे दिवाळीला सलग तेरा वर्षं हजेरी लावायला सांगितली असती तर काय झालं असतं याचा विचार करून बघा.

या सगळ्या उलथापालथीत कँटनच्या जत्रेनं मात्र आपल्या तारखा धरून ठेवल्या. बाजारात सगळे तिला ‘कँटन फेअर’ म्हणतात. कोरियाच्या युद्धापासून चीनवर व्यापारबंदी होती, परकीय चलन हवं होतं, म्हणून १९५७ च्या २५ एप्रिलला चीन-सोव्हिएत मैत्री इमारतीत ही जत्रा भरली. पहिल्या खेपेला १९ देश-प्रदेशांतून बाराशेच्या आसपास व्यापारी आले. तेव्हापासून वर्षातून दोनदा, वसंतात आणि शरदात. १९६७ च्या वसंतात गोंधळ एवढा माजला होता की पंतप्रधान चौ एन-लाय स्वतः गुआंगझोऊला येऊन लोकांना समजावून गेले, आणि जत्रा वेळेवर उघडली. त्या वर्षीची शरदातली जत्रा मात्र महिनाभर पुढे गेली. हाँगकाँगहून येणारे व्यापारी लो वू स्टेशनला उतरत, पूल पायी ओलांडत आणि पलीकडे दुसऱ्या गाडीत बसत. कौलूनहून थेट गाडी १९७९ मध्ये परत सुरू झाली. १९६२ च्या युद्धानंतर तुटलेला भारत-चीन व्यापारही त्याच सुमारास, १९७८ मध्ये, पुन्हा धरला गेला.

पुढचे बदल माझ्या कामाच्या काळाला थेट येऊन भिडले. १९९५ च्या १ मेपासून तिथे शनिवार-रविवारची दोन दिवसांची सुट्टी आली. आशियातलं आर्थिक संकट ताजं होतं आणि लोकांनी घराबाहेर पडून खर्च करावा असं सरकारला वाटत होतं, म्हणून १९९९ मध्ये ‘सुवर्ण सप्ताह’ निघाले : वसंतोत्सव, १ मे आणि १ ऑक्टोबर, प्रत्येकी सात दिवस. २००८ पासून मेचा आठवडा काढून छिंगमिंग, ड्रॅगन बोट आणि मध्यशरद या जुन्या सणांना एकेक दिवस दिला. २०२५ पासून वसंतोत्सवाच्या आदल्या दिवसाची आणि मे महिन्याची एकेक सुट्टी वाढून एकूण तेरा झाल्या.

आता यातली खोच. सात दिवस सलग जुळवायला आजूबाजूचे शनिवार-रविवार कामाचे करतात. २०२५ मध्ये राष्ट्रदिनाची सुट्टी, मध्यशरद धरून, १ ते ८ ऑक्टोबर होती, आणि तिच्या बदल्यात रविवार २८ सप्टेंबर आणि शनिवार ११ ऑक्टोबर हे कामाचे दिवस. बाहेरच्याला हे कळत नाही. तो रविवार सोडून तिकीट काढतो, आणि कारखाना त्याच रविवारी नेमका चालू असतो. पुढच्या वर्षाची यादी बहुतेकदा नोव्हेंबरच्या सुमारास निघते. त्यामुळे उन्हाळ्यात पुढच्या वर्षाचं आखायचं तर चंद्राकडेच बघावं लागतं.

आणि चंद्र माझ्या भिंतीवर होता. १९७३ पासून घरोघरी लागलेलं जयंतराव साळगावकरांचं ‘कालनिर्णय’ पेढीतही होतं. चिनी महिना अमावास्येला सुरू होतो, आपला मराठी महिना तिच्या दुसऱ्या दिवशी. त्यामुळे चिनी नवं वर्ष आपल्या पौष किंवा माघ अमावास्येपाशी येतं. २०२५ मध्ये पौष अमावास्या २९ जानेवारीला, त्याच दिवशी त्यांचं नवं वर्ष. मध्यशरद म्हणजे पौर्णिमा, आपली भाद्रपदातली नाही तर आश्विनातली. २०२४ मध्ये ती १७ सप्टेंबरला, आपल्या अनंत चतुर्दशीच्या दिवशी होती. २०२५ मध्ये ६ ऑक्टोबरला, थेट कोजागरीला. महिना कुठला हे मात्र तपासावं लागतं, कारण अधिक महिना त्यांच्याकडेही आहे, पण तो आपल्याच वेळी पडतो असं नाही. २०२३ मध्ये आपला श्रावण अधिक होता आणि त्यांचा दुसरा महिना. मी जानेवारी किंवा फेब्रुवारीच्या पानावर लाल पेनानं अमावास्येला गोल करायचे आणि आधीचे तीन आठवडे, नंतरचे दोन, पेन्सिलीनं छायांकित करायचे. त्या पट्ट्यात प्रवास नाही, नवी ऑर्डर नाही, पैशाचा तगादा नाही.

तीन आठवडे आधीपासून का, हे बाजारातल्या पुष्कळांना पटत नसे. सरकारी सुट्टी आठवड्याची, मग कारखाना महिनाभर का बंद? कारण गूझेनमध्ये दिवे जोडणारे हात गूझेनचे नाहीत. ते हूनानचे, सिचुआनचे, ग्वांगशीचे. वर्षातून एकदा घरी जातात, आणि घरी आईवडिलांकडे ठेवलेलं त्यांचं मूल असतं. चीनच्या रेल्वेत या येण्याजाण्याचा चाळीस दिवसांचा वेगळा हंगामच धरतात. तिकीट मिळेल त्या दिवशी माणूस निघतो. परत येतो तो पंधराव्या दिवशीचा कंदिलांचा सण करून, आणि काही येतच नाहीत, दुसऱ्या कारखान्यात लागतात. त्यामुळे सुट्टीआधीच्या शेवटच्या आठवड्यातला माल घाईचा, नंतरच्या पहिल्या आठवड्यातला नवख्या हातांचा. मालाची चांगली प्रत हवी तर दोन्ही टाळायचे.

२००८ च्या जानेवारीत मध्य आणि दक्षिण चीनमध्ये बर्फ पडलं, वीज गेली, गाड्या थांबल्या, आणि गुआंगझोऊ स्टेशनबाहेर लाखो कामगार थंडीत अडकून पडले. आमच्या कारखान्यातली विक्री सांभाळणारी मुलगी हूनानची. तिचा निरोप आला की ती स्टेशनवर आहे आणि गाडीचं काही कळत नाही. त्याच दिवशी बाजारातले एक जण माझ्यासमोर म्हणाले, “यांच्या सुट्ट्यांनी आपला धंदा बसतो.” मला ते फार लागलं. आपल्या दुकानातला भय्या छठपूजेला बिहारला जातो, कोकणातला माणूस गणपतीला गावी जातो, त्यांच्या रजेला आपण नाक मुरडत नाही. हे लोकही घरीच निघाले होते. २००९ च्या डिसेंबरात वुहान-गुआंगझोऊ वेगवान रेल्वे सुरू झाली. त्यानंतरच्या नव्या वर्षाला तिनं लिहिलं, आता घर तीन तासांवर आलं. त्या ओळीनं मला झालेला आनंद अजून आठवतो.

आमचं खरं कोडं शरदात पडायचं. जत्रेचे आता तीन टप्पे असतात. १५ ते १९ ऑक्टोबर यंत्रं, हार्डवेअर आणि दिवे, २३ ते २७ घरगुती वस्तू आणि भेटवस्तू, ३१ ऑक्टोबर ते ४ नोव्हेंबर कपडे, खेळणी वगैरे. याच दिवसांत दिवाळी. पेढीला लक्ष्मीपूजन आणि चोपडापूजन चुकवून चालत नाही. मोठे शेठ तर वर्षाची पहिली नोंद स्वतःच्या हातानं करायचे. आणि दिव्यांच्या व्यापाऱ्याला दिवाळीत गल्ल्यावरून उठायला फुरसत कुठली? म्हणून मी पेढीचा सगळा भर वसंतातल्या जत्रेवर आणला. १५ एप्रिलचा पहिला टप्पा बघायचा, लगेच गूझेनला जाऊन नमुने पक्के करायचे, आणि १ मेच्या सुट्टीत गाड्या-हॉटेलं भरायच्या आत परतायचं. कामगार परतून स्थिरावलेले असतात. तयारीला महिना-दीड महिना, समुद्रात दोन-तीन आठवडे, न्हावाशेवाला सोडवणूक, आणि गणपतीच्या आधी माल गोदामात. शरदात शेठ जात ते आठ-दहा दिवसांत उरकून.

एका एप्रिलमध्ये शेठजींच्या सूनबाईंबरोबर, म्हणजे आमच्या भाभींबरोबर, मीही गेले. जत्रेचं नवं संकुल पाझोऊ बेटावर आहे. तिथे दिवसभर चालून पाय दुखले होते, तरी संध्याकाळी भाभींना घेऊन मी १६०० साली पुरा झालेला पाझोऊचा पॅगोडा बघायला गेले. नदीतून वर येणाऱ्या गलबतांना तो लांबून दिसे. व्हांपोआचा नांगर टाकायचा तळ त्याच बेटाजवळ. म्हणजे मुंबईचा कापूस जिथे उतरायचा, तिथूनच जवळ आम्ही दिव्यांचे भाव करत होतो. जवळच्या चांगझोऊ बेटावर पारशी व्यापाऱ्यांची कबरस्थानं आहेत, हे भाभींना मी सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, “म्हणजे आपण पहिल्या नाही!”

२०२० मध्ये २५ जानेवारीचं नवं वर्ष आलं आणि सुट्टी संपेचना. कोरोनामुळे वुहान दोन दिवस आधी बंद झालं होतं. सुट्टी सरकारनं २ फेब्रुवारीपर्यंत वाढवली, ग्वांगतोंग प्रांतातल्या कारखान्यांना ९ पर्यंत उघडायची मनाई झाली. जत्रा जूनमध्ये पडद्यावर भरली. प्रत्यक्ष जत्रा पूर्वीसारखी २०२३ च्या वसंतात आली, आणि भारतातून थेट विमान पुन्हा सुरू झालं ते २०२५ च्या २६ ऑक्टोबरला, कोलकात्याहून गुआंगझोऊला.

पेढीत आता भाभींची मुलगी बसते आणि तारखा मला विचारते. २०२६ चं लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला, त्यामुळे शरदातली जत्रा त्या वर्षी पूर्ण बघता येईल. २०२७ चं चिनी नवं वर्ष ६ फेब्रुवारीला, तेव्हा १५ जानेवारीनंतर तिकीट काढायचं नाही, आणि मार्चच्या पहिल्या आठवड्याआधी नव्या नमुन्याची मागणी करायची नाही. त्याच वर्षी लक्ष्मीपूजन २९ ऑक्टोबरला, पण दिव्यांचा टप्पा १९ ला संपतो. २० ला गूझेन, २२ च्या रात्रीचं परतीचं विमान. एवढं तिला लिहून दिलंय.