दीड लिटरची हिंमत

१९६६ साली फॉर्म्युला वन शर्यतींच्या नियमावलीत तीन लिटरच्या साध्या इंजिनाबरोबरच, हवा दाबून भरणाऱ्या दीड लिटरच्या इंजिनासही मुभा देण्यात आली. परंतु त्या कलमाचा लाभ घेणारी टर्बो गाडी पुढे अकरा वर्षे मैदानात उतरली नाही. वस्तुतः टर्बोची कल्पना जुनीच होती: निष्कासित वायूंच्या वाया जाणाऱ्या वेगाने एक चक्र फिरवावे व त्याच दांड्यावरील दुसऱ्या चक्राने बाहेरची हवा सिलिंडरात कोंबावी, म्हणजे लहान इंजिनासही अधिक इंधन जाळता यावे, अशा तजविजीचे पेटंट स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी याने १९०५ सालीच मिळविले होते.

जुलै १९७७ मध्ये सिल्व्हरस्टोनला दाखल झालेली रेनोची पिवळी गाडी शर्यत पुरी न करताच थांबली, आणि पुढे तिच्या वारंवार निघणाऱ्या धुरामुळे तिला 'पिवळी किटली' हे नाव पडले. दाबलेल्या हवेची उष्णता आणि पायाच्या आज्ञेनंतर शक्ती प्रकटण्यास लागणारा विलंब, या दोन व्याधींशी रेनोच्या अभियंत्यांनी जी चिकाटीची झुंज दिली, ती मला विजयाहूनही थोर वाटते. १९७९ साली एकाऐवजी दोन टर्बो बसविल्यावर तो विलंब घटला, आणि त्याच वर्षी १ जुलैला दीजों येथील शर्यतीत रेनोचा चालक झाँ-पिएर झाबुई पहिला आला.

१९८३ साली नेल्सन पिके टर्बो गाडीतून जगज्जेता झाला. वाढत्या शक्तीच्या धास्तीने १९८९ पासून टर्बोला मनाई झाली. २०१४ साली मात्र तत्कालीन २.४ लिटरच्या आठ सिलिंडरी इंजिनाची जागा १.६ लिटरच्या सहा सिलिंडरी टर्बोने घेतली.